एका बाईच्या दोन फायली

नीलिमा,

तुझ्या शोकसभेत मी तुझ्याविरुद्ध बोलले. टेबलावर तुझा फोटो होता, त्याला शेवंतीचा हार होता, आणि त्याच टेबलाशेजारी उभं राहून मी सांगितलं की तुझा शोधनिबंध आहे तसा पाठवता येणार नाही, कारण त्यातला मुख्य आकडा चुकीचा आहे. मागच्या रांगेतल्या एका नर्सने रडायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. तुझा भाऊ, म्हणजे माझा नवरा, माझ्याकडे बघतही नव्हता.

हे कसं झालं ते तुला क्रमाने सांगते. अर्धवट ऐकून उसळायची तुझी सवय मला माहीत आहे. या वेळी शेवटपर्यंत ऐकून घे.

तू बाळंतपणं करणारी डॉक्टर, मी आकड्यांची माणूस. विमा कंपनीतली नोकरी सोडून मी घरी बसले होते तेव्हा तू आलीस आणि चपला काढता काढताच म्हणालीस, "वहिनी, आमच्या हॉस्पिटलच्या तीन शाखा आहेत. तिन्हीकडे पेशंटची सगळी माहिती कॉम्प्युटरवर आहे. आत काय भरलंय ते एकालाही माहीत नाही. ये आणि बघ." मी आले. ठाण्यात नौपाड्याला मुख्य हॉस्पिटल, एक शाखा डोंबिवलीत मानपाड्याला, एक शहाडला. प्रत्येक शाखेने आपापल्या सवडीने आपापली सिस्टीम घेतलेली, प्रत्येक ठिकाणी पेशंटला वेगळा नंबर. मी तुला तेव्हाच म्हणाले, हा डेटा नाही, हे तीन घरांचे तीन माळे आहेत. तू म्हणालीस, "माळ्यावरच चांगल्या वस्तू सापडतात."

त्या माळ्यावर सगळ्यात जास्त अडगळ तुझीच होती. बाकीचे डॉक्टर निदानाच्या रकान्यात दिलेल्या पर्यायांतला एक निवडायचे. तू कधीच निवडला नाहीस. खालच्या मोकळ्या चौकोनात इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करायचीस: नवरा ऐकत नाही, पुन्हा बोलावले. सासूला समजावले. गोळ्या घेते म्हणाली, घेत नाही. मी तुझ्या केबिनमध्ये येऊन ओरडायचे, "हे मी मोजू कसं? कॉम्प्युटरला सासू कळत नाही." तू म्हणायचीस, "मग त्याला शिकव. कळल्याशिवाय साखर खाली यायची नाही." मी शेवटी तुझे ते चौकोन एकेक करून हाताने वाचले. चिडून वाचले, हे तुला ठाऊक आहे. पण मानपाड्याच्या बायका मला तिथेच भेटल्या. बाकीच्या डॉक्टरांच्या रकान्यांत मला फक्त त्यांचे आजार भेटले होते.

तुझा प्रश्न साधा होता. गरोदरपणात ज्यांची साखर वाढते, त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका जास्त. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी आणि पुढेही अधूनमधून त्यांनी साखर तपासायला हवी. तर तपासतात का? त्यासाठी नवे पेशंट गोळा करायला नकोत, प्रश्नावल्या नकोत. ओपीडीत रोज जे टाईप होतं त्यातूनच उत्तर काढायचं. नावं, पत्ते, फोन काढून टाकायचे, फक्त नंबर, वय आणि तपासण्या ठेवायच्या, या अटीवर एथिक्स कमिटीने परवानगी दिली.

उत्तर आलं: बहुतेकजणी परत आल्याच नाहीत.

तुला ते आवडलं नाही, पण पटलं. तुझ्या मनात ते आधीपासूनच होतं. "बाळाची लस एक दिवस चुकवणार नाहीत. आणि स्वतःची साखर? श्या!" तू निबंधाचा शेवटचा परिच्छेद एका बैठकीत लिहिलास. त्यात बायका स्वतःकडे कसं दुर्लक्ष करतात यावर तुझा सगळा राग होता. तुझा राग मला आवडायचा. आकडा मात्र मला खटकत होता.

कारण मानपाड्याला पहिलटकरणी बाळंत होऊन गायब होत होत्या, आणि नौपाड्याला तान्ही बाळं घेतलेल्या बायका आकाशातून पडत होत्या. त्यांच्या बाळंतपणाची कुठे नोंदच नाही. दुसऱ्या खेपेच्या बायका मात्र जिथे बाळंत झाल्या तिथेच बऱ्यापैकी परत येत होत्या. तुझ्यासारख्या हुशार बाईला हे दिसलं नाही, कारण तू कधी बाळंतपणाला माहेरी गेली नाहीस.

मी गेले होते. डोंबिवलीला. केसपेपर काढायला माझी आई खिडकीपाशी उभी राहिली. आतल्या माणसाने पेशंटचं नाव विचारलं, आईने सांगितलं, वर्षा, आणि पुढे माहेरचं आडनाव. लग्नानंतर कागदोपत्री मी मानसी झाले होते, पण आईच्या तोंडात तेच नाव. फोन बाबांचा, पत्ता डोंबिवलीचा. जन्मतारीख माणसाने वयावरून स्वतःच टाकली. तेव्हा कागद होता, आता स्क्रीन आहे. एवढाच फरक. नुसतं वय सांगितलं की सिस्टीम एक जानेवारी धरते, त्यामुळे मानपाड्याच्या यादीत एक जानेवारीला जन्मलेल्या बायकांची जत्रा भरली आहे. मग सव्वा महिना झाला की ती मुलगी बाळ घेऊन सासरी जाते. तिथे नाव दुसरं, आडनाव दुसरं, फोन नवऱ्याचा. सिस्टीमच्या लेखी या दोन बायका. एक, जिची साखर वाढली आणि जी पुन्हा फिरकली नाही. दुसरी, जिला साखरेचा काही इतिहासच नाही.

माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं तेव्हा तू मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होतीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, "दादा, माणसाचं नाव बदलायला तांदूळ हलवले की झालं?" तुझ्या आईने तुझ्याकडे डोळे वटारले. मी म्हणाले, "नावाचं काय एवढं, हाक मारली की ओ द्यायची." तेव्हापासून तू मला कणा नसलेली समजत होतीस आणि मी तुला आगाऊ. दोघींचीही मतं पुढे फारशी बदलली नाहीत. तरी माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी रजा टाकून माझ्या उशाशी बसलेली तूच होतीस, आणि मी तुझ्या घरची किल्ली माझ्या जुडग्यात ठेवली होती.

आपलं शेवटचं भांडण मानपाड्याच्या कँटीनमध्ये झालं. मी म्हणाले, "तुझ्या बायका परत येतायत. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या शाखेत."

"सिद्ध कर."

"करते. नावं उघडू दे. बाळाची जन्मतारीख तर कोणी अंदाजाने टाकत नाही ना? मानपाड्याला बाळ कधी झालं, नौपाड्याला लस घ्यायला आलेलं बाळ कधीचं, किती वजनाचं, बापाचं नाव काय. बाळावरून आई शोधते मी."

"नावं उघडायची नाहीत. कमिटीला शब्द दिलाय."

"मग नवीन परवानगी घे."

"नाही घेणार."

"का? निबंध चुकतोय म्हणून भीती वाटते?"

तू डोसा खात होतीस, तो खाली ठेवलास. आवाज उतरवलास, आणि मला एका बाईची गोष्ट सांगितलीस. तिला कोणी ओळखणार नाही इतपत मी इथे तपशील बदलले आहेत. नौपाड्याला ती नवऱ्याबरोबर आणि सासूबरोबर आली. पहिलीच खेप, असं सासूने सांगितलं. तपासताना तुला कळलं की पहिली नाही. तिने तुझ्याकडे नुसतं पाहिलं. तू सिस्टीममध्ये लिहिलंस, पहिली खेप.

"म्हणजे तूच खोटं लिहिलंस," मी म्हणाले.

"लिहिलं."

"आणि मी ते मोजतेय."

"मोज. पण उद्या तू दोन फायली जोडशील, आणि परवा कोणीतरी नवशिका डॉक्टर तिच्या सासूसमोर स्क्रीन फिरवून विचारेल, अहो, तुमचं मानपाड्याला आधी एकदा झालंय ना? मग त्या मुलीने जायचं कुठे? तुझ्याकडे?"

"आणि जिची साखर वाढली होती तिने जायचं कुठे? ती नौपाड्याला बसलीय आणि तिच्या डॉक्टरला पत्ताच नाही."

"कार्डावर लिहून देतो आम्ही."

"ते कार्ड माहेरच्या कपाटात राहतं, नीलिमा."

तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस तेवढ्यात लेबर रूममधून बोलावणं आलं. तू उठलीस. "राहिलेला डोसा तू खा, आणि विचार कर," म्हणालीस आणि गेलीस. डोसा मी खाल्ला. विचारही केला. उत्तर सापडलं नाही. तुझ्याकडे काय उत्तर होतं ते मला कधीच कळणार नाही, कारण त्याच आठवड्यात तुझं हृदय बंद पडलं. त्या सकाळी तुझ्या घराचं कुलूप मीच उघडलं. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

त्यानंतर मला करावं लागलेलं पहिलं काम ऐक. सिस्टीममधला तुझा प्रवेश बंद करायचा होता. ते काम माझ्याच खात्याचं. स्क्रीन कारण विचारते आणि पर्याय देते: राजीनामा, बदली, निवृत्ती, इतर. मृत्यू हा पर्याय आहे, पण तो पेशंटसाठी. डॉक्टरांसाठी तो कोणी घातलाच नाही. मी 'इतर' निवडलं. मग स्वच्छतागृहात गेले, तोंड धुतलं, आणि परत येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आमच्या संचालकांनी बोलावलं. सगळे त्यांना सर म्हणतात, तू तोंडावर सर आणि पाठीमागे ठेकेदार म्हणायचीस. ते म्हणाले, "मॅडम, नीलिमाताईंचा निबंध आपण परिषदेला पाठवू. शोकसभेत तशी घोषणा करू. त्यांचं शेवटचं काम आहे. तुम्ही फक्त फाईल पाठवा." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "आणि निष्कर्ष बघता मानपाड्याची गुरुवारची ओपीडी चालवण्यात अर्थ दिसत नाही. बायका परत येतच नाहीत हे त्यांनीच सिद्ध केलंय. त्या खोलीत फिजिओथेरपी बसवू."

ती गुरुवारची ओपीडी तू भांडून मिळवली होतीस. बाळाला लस द्यायला आलेल्या आईला तिथल्या तिथे पकडून तिची साखर बघायची, एवढंच तिथलं काम. आणि आता तुझ्याच निबंधाच्या आधाराने तिला कुलूप लागणार होतं.

मी म्हणाले, "सर, आकड्याबद्दल शंका आहे."

"शंका त्यांना होती?"

"नाही. मला आहे."

"मग राहू द्या," ते म्हणाले. गोड आवाजात म्हणाले. मला तो आवाज चांगला ओळखता येतो. मी लेखी टिपण दिलं, त्याला उत्तर आलं नाही. सभेच्या आदल्या दिवशी दुपारभर त्यांच्या केबिनबाहेर बसले. ते मागच्या दाराने गेले.

घरी वेगळाच सामना. मिलिंद म्हणाला, "ती गेली तरी तुझं तिच्याशी संपत नाही का गं?"

"कसं संपणार? ती मध्येच उठून गेली."

"मला तिचं नाव छापलेलं बघायचंय. बास. एवढंच मागतोय मी."

"छापलं जाईल. मग दोन-तीन वर्षांनी कोणीतरी दाखवून देईल की चुकीचं होतं. तेव्हा उत्तर द्यायला ती नसेल."

"आत्ता कुठे आहे?" तो म्हणाला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. तुझ्या भावाला रडताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. तेव्हाही पाठच दिसली. मला त्याच्यामागे जायला हवं होतं, हे कळत होतं. पण गेले असते तर हो म्हणून बसले असते.

तर शोकसभा. सरांनी घोषणा केली, टाळ्या वाजवाव्यात की नाही या गोंधळात लोकांनी अर्ध्याच वाजवल्या, आणि सर म्हणाले, घरच्या वतीने मॅडम दोन शब्द बोलतील. मी बोलले. ते वर सांगितलंच. सर उभे राहिले. "मॅडम, ही वेळ आहे का?"

"वेळ तुम्ही ठरवलीत, सर. मी काल दुपारभर तुमच्या दाराशी होते."

"डॉक्टर नीलिमा असत्या तर त्यांना हे मान्य झालं असतं?"

"नसतं. त्या भांडल्या असत्या. भांडतच होत्या."

कोणीतरी हसलं आणि खोकला आल्याचं नाटक केलं. सर म्हणाले, "ठीक आहे, कमिटीपुढे मांडा. तोवर निबंध थांबेल. ओपीडीचं मात्र महिनाअखेरीस ठरवतो."

कमिटीपुढे मी तयारीने गेले. बाळाच्या तारखेवरून आई कशी शोधायची ते मांडलं, नावं न उघडता, नुसत्या तारखेवरून आणि वजनावरून जुळणारी काही उदाहरणं दाखवली. मला वाटलं होतं झुंज द्यावी लागेल. काहीच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक डॉक्टर म्हणाले, "आपल्याच हॉस्पिटलची माहिती आहे, आपलेच पेशंट. जोडून टाका ना कायमच्या. त्यांच्याच भल्याचं आहे." दुसरे घड्याळ बघत होते. इतकं सोपं. मी गप्प बसले असते तर माझं काम झालं होतं, तुझी ओपीडीही वाचली असती.

पण त्या टेबलाभोवती तुझी बाजू मांडणारं कोणीच नव्हतं. ती फक्त मलाच माहीत होती, आणि ती माझ्याच विरुद्ध होती.

मी म्हणाले, "एक आक्षेप राहिलाय. तो माझा नाही, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही." आणि मी त्यांना दोन खेपांच्या त्या बाईबद्दल सांगितलं, नाव-गाव-ओळख काही न देता. तू सांगितलंस तितकं चांगलं सांगता आलं नाही. मी सासूचं सांगितलं, स्क्रीन फिरवणाऱ्या डॉक्टरचं सांगितलं. घड्याळ बघणारे डॉक्टर वर बघायला लागले. ज्यांनी जोडून टाका म्हटलं होतं ते म्हणाले, "असं कितीसं असणार?" मी म्हणाले, "ते मोजता येत नाही, डॉक्टर. लपवलेलं आहे म्हणूनच."

नीलिमा, हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला कळलं की मी तुझ्या खुर्चीत बसले आहे.

कमिटीत एक वयस्कर वकीलबाई आहेत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मग मोजा, पण जोडू नका." तासभर घासाघीस झाली आणि ठरलं ते असं. जुळणी फक्त मोजण्यासाठी. नावं ज्याला दिसतील त्याला आजार दिसणार नाहीत, आणि मला आजार दिसतील पण नावं नाहीत. सिस्टीममध्ये कोणाचीही फाईल आपोआप जोडायची नाही. ज्या बाईची आहे तिला एकटीला विचारायचं. ती हो म्हणाली तरच. आणि एकटीला विचारायचं तर जागा हवी, म्हणून मोजणी संपेपर्यंत गुरुवारची ओपीडी चालू. सरांनी त्यावर सही केली. पेन जरा जोरात आपटलं.

मोजणी चालू आहे. आकडा मी इथे लिहिणार नाही, पुरा झाल्याशिवाय लिहायचा नसतो. निबंध पुढे जाईल तेव्हा तुझं नाव पहिलं असेल. तुझा शेवटचा परिच्छेद मात्र नसेल. मिलिंदला मी हे स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "तिने तुला सोडलं नसतं." मी म्हणाले, "माहीत आहे." मग त्याने मला चहा करून दिला. आमच्या घरात याला समेट म्हणतात.

परवाच्या गुरुवारी मी मानपाड्याला गेले. तुझ्या जागी एक तरुण डॉक्टर बसते, बरी आहे, पर्याय निवडते. फायलींबद्दल विचारायचं काम अजून कोणाला नीट येत नाही म्हणून ते मी घेतलं. एक मुलगी आली, बाळ मांडीवर, शेजारी आई. प्रत्येक प्रश्नाला आईच उत्तर देत होती. तरुण डॉक्टरने आईला बाळासकट लसीच्या खोलीत पाठवलं. मी मुलीला विचारलं, "दुसरीकडे कुठे तुमची फाईल आहे का?"

"आहे ना. ठाण्याला, नौपाड्याला. सासरच्या नावाची."

"ही तिला जोडू का? तुमची साखर वाढलेली होती, ते तिथल्या डॉक्टरांना दिसेल."

तिने दाराकडे पाहिलं. "साखर दिसू दे. पण बाकीचं?"

"जोडली की सगळंच दिसतं."

"मग नको."

मी नीट समजावलं. पुन्हा समजावलं. मधुमेह म्हणजे काय, उशीर झाला तर काय होतं, सगळं. शांतपणे ऐकून ती म्हणाली, "मॅडम, नको म्हटलं ना."

बाकीचं काय होतं ते मी विचारलं नाही. तिची साखर तपासली. अजून वाढलेलीच होती. तिचा चेहरा उतरला, मग ती विचार करायला लागली. म्हणाली, "मला हा आकडा साध्या कागदावर लिहून द्या. मानपाड्याचं नाव नको. ठाण्याच्या डॉक्टरांना मी सांगेन, शिबिरात तपासली म्हणून."

मी आयुष्यभर खोट्या नोंदी वेचून काढत आले आहे. मी कागद घेतला, आकडा लिहिला, उपाशीपोटी की जेवणानंतर तेही लिहिलं आणि तिला दिला. सिस्टीममध्ये जोडणीच्या रकान्यात 'नाही' भरलं.

या आठवड्यात कधीतरी ती नौपाड्याला जाईल. तिथले डॉक्टर लिहितील, शिबिरात साखर वाढलेली आढळली, आणि उपचार सुरू करतील. आकडा खरा असेल, शिबिर खोटं. ती नोंद माझ्यासमोर येईल आणि ती मला ओळखू येईल. मी ती दुरुस्त करणार नाही.